रेजिनाबायचं रक्त आणि एक तिरकी रेघ

लग्नात जेवताना शेजारची बाई "तुम्ही काय करता?" असं विचारते, तेव्हा मी आधी तोंडातला घास सावकाश संपवते. शिक्षिका असते तर एका शब्दात सुटले असते. "मी डेटाबेसचं मॅन्युअल लिहायची," असं सांगितलं की समोरचा चेहरा तसाच राहतो. मग "कॉम्प्युटरचं काम" असं म्हणावं लागतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत तिच्या भाच्याचा प्रिंटर का अडकतो ते मला विचारलं जातं. मला ते माहीत नसतं. एवढी वर्षं नोकरी करून बाईला प्रिंटरचंही कळत नाही, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं.

आता निवृत्त झाले आहे, विरारच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर वेळच वेळ आहे, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. त्यात लाखो नोंदी असतात आणि माणसांनी भरलेल्या असल्यामुळे त्या एकसारख्या कधीच नसतात. कुणी "वसई रोड" लिहितो, कुणी "वसई-रोड", कुणी घाईत दोन्ही शब्द चिकटवतो. असल्या गबाळ्या नोंदींतून हवं ते शोधायचं तर नेमका शब्द देऊन भागत नाही, नमुना द्यावा लागतो. या नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम आपण भाजीवाल्याला सांगतो तसंच: कोवळी, हिरवी, फार लांब नको.

गंमत पुढे आहे. या नमुन्यात काही चिन्हं स्वतः चिन्हं नसतात, ती कामावर असतात. टिंब म्हणजे टिंब नव्हे, "इथे कुठलंही एक अक्षर चालेल" असा तो हुकूम. अधिकची खूण म्हणजे "माझ्या आधीचं अक्षर एकदा किंवा कितीही वेळा." आता तुम्हाला खरोखरच अधिकची खूण शोधायची असेल तर काय करायचं? तिच्या आधी एक तिरकी रेघ घालायची, डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी. तिला बॅकस्लॅश म्हणतात. ती घातली की अधिकची खूण तेवढ्यापुरती रजेवर जाते आणि साधी खूण होऊन उभी राहते. उलट, काही साध्या अक्षरांच्या आधी हीच रेघ घातली की ती कामाला लागतात. डी या अक्षराआधी रेघ घातली की अर्थ होतो "कुठलाही आकडा". एस आधी घातली की "मोकळी जागा". कुणाला रजा आणि कुणाला ड्यूटी, हे सगळं ठरवणारी ती एक रेघ. तिच्या सगळ्या तऱ्हा सांगणारं मॅन्युअलमधलं पान माझं. जगभर कुठेही, कुणीही आमचा डेटाबेस वापरून अशी शोधाशोध केली, की त्याला माझ्या पानावर यावं लागे. यात माझं नाव कुठेही नव्हतं, पण मला त्याचा माज होता हे मी कशाला लपवू?

त्या पानानं मला छळलंही भरपूर. आमचं लिखाण वेबसाइटवर जाईपर्यंत दोन यंत्रांतून जायचं, आणि प्रत्येक यंत्राला ती रेघ म्हणजे स्वतःसाठी आलेला निरोप वाटायचा. पहिलं यंत्र निम्म्या रेघा खायचं, दुसरं उरलेल्यातल्या निम्म्या. वाचकाला एक रेघ दिसावी म्हणून मला चार लिहाव्या लागायच्या. एक दूरदेशीचा वाचक तर सतत लिहायचा की तुमची उदाहरणं चालत नाहीत. मी प्रत्येक वेळी उदाहरण चालवून बघायची, चालायचं, नम्रपणे कळवायची. शेवटी त्याचं उत्तर आलं की त्याच्या कीबोर्डवरचं ते बटणच दबत नव्हतं. त्यानं माफी मागितली नाही. आभार मात्र मानले, कारण माझ्यामुळे त्याला नवा कीबोर्ड मिळाला.

माझा नियम एकच होता. जे उदाहरण मी स्वतः चालवून पाहिलं नाही, ते पानावर जाणार नाही. आणि माझी सवय, जी नियमापेक्षाही वाईट, ती अशी की मी उदाहरण मोडूनही पाहायची. रेघ काढली तर काय होतं? तर काहीच होत नाही. लाल अक्षरं येत नाहीत, सूचना येत नाही. डेटाबेस शहाण्या मुलासारखा उत्तर देतो, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं. म्हणून मी पानाच्या शेवटी एक वाक्य लिहिलं होतं: "ही खूण राहून गेली तर डेटाबेस तक्रार करणार नाही, तो वेगळंच काहीतरी शोधून देईल." आमच्या संपादकांनी ते कापलं. मॅन्युअलमध्ये काय करावं ते सांगायचं, काय केलं नाही तर काय होईल ते नाही, असं त्यांचं म्हणणं. मी भांडले. दोन बैठका झाल्या. वाक्य गेलं. नोकरीत यापेक्षा मोठ्या गोष्टी गमावल्या असतील, पण मला हीच लागून राहिली.

आता सिरिलभाऊ. पापडीला चर्चच्या मागच्या अंगाला त्यांची वाडी आहे, केळी आणि थोडी फुलझाडं. जन्मभर त्यांनी मुंबईच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. हा माणूस लग्नपत्रिका हातात आली की आधी चुका बघतो आणि मग नवरानवरीची नावं. निवृत्तीनंतर त्यांनी वसई ते विरार असं रक्तदात्यांचं मंडळ चालवायला घेतलं. कुणाला रक्त लागलं की मंडळाला फोन यायचा, सिरिलभाऊ आपल्या डेटाबेसमध्ये तो गट शोधायचे आणि निघालेल्या सगळ्या लोकांना मोबाइलवर निरोप जायचा. हे सगळं ते सत्तरीत एकट्यानं शिकले. आमचाच डेटाबेस, आणि शिकले तेही माझ्या पानावरून, छापून घेऊन. ते पान मी लिहिलंय हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी वाडीतला केळ्यांचा घड घरी पाठवला होता. मला आयुष्यात मिळालेला हा एकमेव वाङ्मयीन पुरस्कार.

मीही त्या मंडळात होते. माझा गट एबी पॉझिटिव्ह. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या गटाला रक्त कुणाचंही चालतं, पण आमचं रक्त आमच्याशिवाय कुणाला चालत नाही. रक्तदानाच्या बाजारात आम्ही म्हणजे अगदी पडून राहिलेला माल. तरीही मला सारखे निरोप यायचे. ए पॉझिटिव्ह हवंय, या. बी पॉझिटिव्ह हवंय, या. मला वाटायचं, भाऊ निरोप सगळ्यांनाच पाठवतात, ज्याचं त्यानं समजून घ्यावं. मी समजून घ्यायची आणि चहा पीत बसायची.

गेल्या हिवाळ्यात रेजिनाबाय पडली. रेजिनाबाय पाचूबंदरची, आमच्या सोसायटीत मासे घेऊन येणारी. आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन चार मजले चढणार, वर येऊन पाणी पिणार, आणि मी मागितलेलं पापलेट न देता मला बोंबील घ्यायला लावणार. मी पहिल्यांदा भाव करायला गेले तेव्हा "ताई, तू पुस्तकं लिव, मासली माज्यावर सोड," असं मला तिनं सांगितलं होतं. तर ही बाई धक्क्यावर लिलावाच्या गर्दीत बर्फाच्या पाण्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं, पण रक्त हाताशी असल्याशिवाय हात लावणार नाही. तिचा गट ओ निगेटिव्ह. या गटाची पंचाईत आमच्या बरोबर उलटी: यांचं रक्त जवळजवळ सगळ्यांना चालतं, यांना मात्र फक्त यांचंच. आणि अशी माणसं थोडी.

वसईच्या ज्या हॉस्पिटलात ती होती तिथल्या ब्लड बँकेत त्या गटाची पिशवी नव्हती. सकाळी सिरिलभाऊंचा मला फोन आला. आवाज बसलेला होता.

"सुनंदाताई, जरा येता का? मी चक्रावलोय."

मी रिक्षा केली. भाऊ ओटीवर कॉम्प्युटरसमोर बसले होते, चहावर साय धरली होती. मंडळात ओ निगेटिव्ह मोजकेच लोक. भाऊंनी सगळ्यांना फोन केले होते आणि सगळ्यांचं उत्तर एक. आत्ताच तर दिलं. कुणी महिन्यापूर्वी, कुणी दोन महिन्यांपूर्वी. एकदा रक्त दिलं की पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं. म्हणजे वसईपासून विरारपर्यंतचा आमचा एकूण एक ओ निगेटिव्ह माणूस रजेवर होता.

"पण मला कळत नाही ते हे," भाऊ म्हणाले, "की वर्षभरात आपल्याकडे ओ निगेटिव्हचा एकही पेशंट आलेला नाही."

"मग यांनी रक्त दिलं कुणाला?"

"तेच तर."

आम्ही त्यातल्या एकाला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, विरारच्या हॉस्पिटलातल्या त्या आजींसाठी नाही का, तुमचाच निरोप आला होता. भाऊंनी त्या आजींची नोंद काढली. ओ पॉझिटिव्ह.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही शोधता कसं ते दाखवा."

त्यांनी दाखवलं. नोंदी गबाळ्याच होत्या. कुणी O+ लिहिलेलं, कुणी मध्ये जागा सोडलेली, कुणी पुढे "पॉझिटिव्ह, दुपारी फोन नको" असंही जोडलेलं. म्हणून त्यांनी नमुना वापरला होता, ते बरोबरच केलं. नमुना होता O+. त्याच्यात तिरकी रेघ नव्हती.

मला बसल्या जागी सगळं दिसलं. रेघ नाही म्हणजे अधिकची खूण कामावर. कामावर म्हणजे "ओ हे अक्षर एकदा किंवा कितीही वेळा." डेटाबेसनं इमानेइतबारे ओ असलेले सगळे लोक काढून दिले होते, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. आणि ए शोधलं, बी शोधलं, की त्यात अक्षर आहे म्हणून आमचे एबीवालेही निघत. मी वर्षभर चहा पिता पिता ज्या निरोपांकडे दुर्लक्ष केलं त्यांचा उलगडा असा झाला.

"भाऊ, माझ्या पानावर इथे एक रेघ होती."

"होती," ते लगेच म्हणाले. "सगळ्या उदाहरणांत होती. मी काढली."

"काढली?"

"अहो, छापखान्यात दोन खिळ्यांमधली, म्हणजे शिशाच्या अक्षरांमधली, पट्टी वर सरकली की कागदावर अशीच फालतू रेघ उमटते. ती दिसली की खोडायची, हे माझ्या हातात बसलंय. मला वाटलं, प्रिंटरवाल्याच्या यंत्राचा ओरखडा. रेघ काढून चालवून पाहिलं, तर ओ पॉझिटिव्हवाले दिसले. मी म्हटलं, बघा, बरोबर होतं माझं."

मला हसू आलं आणि ते आल्याबद्दल वाईटही वाटलं. जगात चुका करणारे पुष्कळ आहेत, पण शुद्ध करता करता एवढी मोठी चूक फक्त मुद्रितशोधकच करू शकतो. भाऊ मात्र हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि वाडीकडे बघत राहिले.

"म्हणजे ती माणसं मी उगाच खर्ची घातली," ते म्हणाले. "ज्यांना ओ पॉझिटिव्हही चाललं असतं त्यांच्यासाठी. आणि आता रेजिनाला द्यायला कुणी नाही. तीही आपल्याच मंडळातली, तिलाही मीच बोलावलं होतं गेल्या महिन्यात. त्याच आजींसाठी. टोपली ठेवून आली होती बिचारी."

मनात तेच गेलेलं वाक्य घोळत होतं. डेटाबेस तक्रार करणार नाही. ते पानावर राहिलं असतं तर या माणसाच्या हातातलं खोडरबर थांबलं असतं का? मुद्रितशोधक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. थांबलं असतं. मला संपादकांचा इतक्या वर्षांनी पुन्हा राग आला.

पण रागावून हाड जुळत नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्याला एक खोड असते: नमुना चुकला तर तो काय शोधेल, हे शेवटपर्यंत बघायचं. मी तसंच पुढे बघत गेले. चुकीच्या नमुन्यानं ओ निगेटिव्ह लोक विरारच्या त्या हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत पाठवले. तिथे त्यांनी रक्त दिलं. मग पुढे?

"भाऊ, त्या आजींना रेजिनाबायचं रक्त चढवलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"म्हणजे काय? त्यांच्यासाठीच दिलं ना?"

"ब्लड बँक असं करत नाही. ती तुमची पिशवी घेते आणि फ्रीजमधली आधीची पेशंटला देते. ओ पॉझिटिव्हच्या आजींना ओ पॉझिटिव्हची पिशवी देऊन टाकली असेल. ओ निगेटिव्ह इतकं मिळत नाही, ती पिशवी बँकवाले कशाला हातची सोडतील? राखून ठेवली असेल."

भाऊंनी चष्मा पुन्हा लावला. "आणि रक्त टिकतं किती?"

"पाच-सहा आठवडे."

फोन त्यांनीच लावला. पलीकडची तंत्रज्ञ बाई वैतागलेली होती, तरी तिनं बघून सांगितलं. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या आहेत. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्या मंडळाचीच कृपा आहे, सर. सगळीकडे या गटाची बोंब असते, तुम्ही मात्र आम्हाला सारखे माणसं पाठवत असता. आम्ही म्हणतो, यांच्याकडे आहे तरी काय!"

भाऊंनी तिला काय आहे ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "ठेवा बाजूला. माणूस पाठवतो."

रेजिनाबायचा नवरा तिच्या रक्ताचा नमुना आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन विरारला गेला. तिथे जुळवून पाहिलं, जुळलं, आणि बर्फाच्या पेटीतून दोन्ही पिशव्या वसईला आल्या. वाटेत पेटी कुणाच्या हाती दिली नाही म्हणे. मासे नेण्याची सवय, बर्फ कसा टिकवायचा ते त्याला शिकवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सिरिलभाऊ संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, आणि डॉक्टर बाहेर येऊन "ठीक आहे" म्हणाले तेव्हा त्यांना रडू आवरलं नाही. मी शेजारी होते. मलाही आवरलं नाही, पण मी पदराआड उरकलं.

दोन दिवसांनी भाऊ तिच्याकडे गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रेजिनाबायनं ऐकून घेतलं.

"म्हंजे ही पिशवी माजीच?"

"ते बँकवाले सांगत नाहीत," मी म्हटलं. "तुझीही असेल, दुसऱ्या कुणाचीही असेल."

"माजीच," ती म्हणाली. "दुसऱ्याचं रगत अंगात गेलं तर मला कलनार नाय? माजंच मला परत आनून दिलं. आनि दिलं तवा वर चा-बिस्कुट खाल्लेलं, ते वेगलं." मग भाऊंकडे वळून म्हणाली, "तुमी कशाला तोंड पाडता? तुमी बोलावला नसता तर ही पिशवी फ्रीजमदी आली असती का?"

भाऊंच्या चेहऱ्यावर हिशेब नीट बसला नाही, पण ते बसले मात्र. तोवर उभेच होते.

आमच्या मंडळाचे नमुने त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी बसून दुरुस्त केले. मला आता ए आणि बीचे निरोप येत नाहीत. गेल्या कित्येक महिन्यांत एकही आला नाही. थोडं एकटं वाटतं.

राहिलं ते वाक्य. मी निवृत्त, आतून काही करता येण्यासारखं नव्हतं. पण मॅन्युअलच्या प्रत्येक पानाखाली "हे पान उपयुक्त वाटलं का?" असा प्रश्न असतो. मी माझ्याच पानाखाली जाऊन "नाही" दाबलं. खालच्या चौकोनात कापलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली रक्तगटाचा किस्सा, नावं न घेता. लगेच उत्तर आलं: आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत, योग्य तो विचार केला जाईल. मजकूर ओळखीचा वाटला. वाटणारच, पूर्वी मीच लिहून ठेवला होता, चक्रम वाचकांसाठी.

पण विचार झाला. माझ्या जागी आलेली मुलगी कोण, कुठली, मला माहीत नाही. पुढच्या आवृत्तीत पानाच्या शेवटी नाही, चांगलं वर, चौकटीत, ते वाक्य आलं. उदाहरण म्हणून तिनं रक्तगटच घेतला होता.

रेजिनाबाय पावसाळा संपल्यावर पुन्हा यायला लागली. आता चार मजले चढत नाही. खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसते आणि आम्हीच उतरतो. परवा मी मोबाइलवर ते पान काढून तिच्यापुढे धरलं.

"माजं नाव टाकलं काय?"

"नाव नाही. तुझा गट टाकलाय. आणि ही बघ, ती रेघ."

तिनं हात पदराला पुसले, मान लांब केली आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ताई, गेली."

"बोटाखाली आहे. उचल."

तिनं बोट हळूच उचलून पाहिलं. रेघ जागेवर होती.

"एवडीशी," ती म्हणाली. आणि मला बोंबील घ्यायला लावले.